हॉटेलच्या मागच्या बाजूचं बोलू : गरम पाणी, मोरी, खरकटं आणि तेल (सातारा-सांगली)

वेण्णाखोरे

नमस्कार मंडळी. मेढ्याहून केळघरकडं जाताना आमचं छोटं हॉटेल आहे. खाली जेवणाची सोय, वर सोळा खोल्या. महाबळेश्वरला जाणारे-येणारे, बामणोलीकडं वळणारे आणि पावसाळ्यात धबधबे बघायला येणारे हे आमचं गिऱ्हाईक.

'पर्यावरणपूरक हॉटेल' असं आता बुकिंगच्या प्रत्येक ॲपवर वाचायला मिळतं. खोलीत टॉवेल पुन्हा वापरा म्हणून कार्ड असतं, बाथरूममध्ये बांबूचा ब्रश असतो. ते असावंच, माझा विरोध नाही. पण हॉटेलचा निसर्गावर पडणारा खरा भार गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो बंबाजवळ असतो, भांडी घासायच्या मोरीत असतो आणि मागच्या ड्रममध्ये असतो. या धाग्यावर त्याबद्दल बोलावं अशी इच्छा आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांना याचं जास्त पडलेलं असायला हवं. क्षेत्र महाबळेश्वरला ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांतली सावित्री कोकणात उतरते. वेण्णा मात्र कण्हेर धरणातून पुढं माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना शिवसागर जलाशय भरून कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून हे सगळं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. वरच्या हॉटेलांनी ओढ्यात जे सोडलं, ते ज्या नदीत मिसळतं तीच खालच्या गावांची पिण्याची नदी आहे.

आमच्याकडं काय केलं ते सांगतो.

पहिली गोष्ट गरम पाणी. आमच्या धंद्यात खोल्यांच्या विजेचा सगळ्यात मोठा वाटा गीझरचा असतो. एसीचा खर्च लोक विचारतात, पण आमच्या हवेत एसी फार तर एप्रिल-मेमध्ये लागतो, गरम पाणी मात्र बाराही महिने. हिशेब सोपा आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेचे चार युनिट लागतात, वाटेतली गळती वेगळी. सोळा खोल्या भरलेल्या असल्या की दिवसाला दीड हजार लिटर सहज जातं. पूर्वी या भागात लाकडाचे बंब होते, आणि ते लाकूड कुठून यायचं हे जावळीतल्या माणसाला सांगायला नको.

आम्ही छतावर सोलर लावला आणि त्याच्या मागं हीट पंप जोडला. हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला फ्रीज. हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, त्यामुळं एक युनिट विजेत तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. थंडीच्या पहाटे हे प्रमाण घटतं, पण साध्या गीझरपेक्षा तो तेव्हाही परवडतो. आमच्याकडं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सूर्याचं दर्शन दुर्मीळ. नुसत्या सोलरवर राहिलो असतो तर पावसाळाभर आतली विजेची कॉईलच चालली असती. सोलर विकणारे हा मुद्दा सहसा काढत नाहीत, म्हणून घाटमाथ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी तो स्वतःहून विचारावा. आणि टाकीपासून नळापर्यंतच्या पाइपाला जाड वेष्टण घालावं. नाहीतर टोकाच्या खोलीत गरम पाणी यायच्या आधी बादलीभर गार पाणी गटारात जातं.

दुसरी गोष्ट मोरी. स्वयंपाकघराचं पाणी थेट सोडायचं नाही, आधी तेलकट थर अडवायचा. जमिनीत तीन कप्प्यांची बंद टाकी असते. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात खालच्या बाजूनं जातं, तेल-तूप वर तरंगत राहतं, शितं तळाशी बसतात. तवंग आठवड्याला काढावा लागतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. त्यानंतरचं पाणी खडी-वाळूच्या वाफ्यात जातं, त्यात कर्दळ लावली आहे. मुळांवरचे जिवाणू उरलेली घाण खातात. बाहेर येणारं पाणी नारळ-केळीला देतो. कर्दळीचा वाफा सगळे हौसेनं करतात आणि आधीची टाकी गाळतात. मग वर्षभरात खडीत चरबी बसते आणि पाणी वर साठतं. म्हणून आधी टाकी, मग वाफा.

खरकटं आणि तळणीचं तेल यावर इतरांनी लिहावं. माझा अनुभव तिथं कमी आहे.

हरिपूरकर

वेण्णाखोरे, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी हरिपूरचा, कृष्णा-वारणेच्या संगमावरचा. वरून येणारं पाणी आम्ही रोज बघतो. शेरीनाला, म्हणजे शहराचं सांडपाणी आणणारा नाला, सांगलीच्या प्रत्येक निवडणुकीत वाहतो आणि निवडणूक झाली की परत कृष्णेत वाहतो. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह थांबला की पाण्याचा रंग बदलतो, मासे मरून काठाला लागतात. तेव्हा सगळे कारखान्यांकडं बोट दाखवतात, आणि ते दाखवायलाच हवं. पण शहरातल्या खाणावळी, चायनीजच्या गाड्या, बिर्याणीची दुकानं, मंगल कार्यालयं यांचं तेलकट पाणीही त्याच गटारात जातं. त्यांच्यापैकी किती जणांकडं तुम्ही सांगता तशी टाकी आहे?

आणि २०१९ चा महापूर विसरू नका. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर गावात जो गाळ राहिला, त्यात प्लॅस्टिकचे कप, द्रोण, चमचे, पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांतल्या किती आमच्या आणि किती वरून वाहत आलेल्या, कोण सांगणार? राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या ताट-वाट्या-कप-चमच्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर आहे. तरी आजही आमच्याकडं पार्सलबरोबर प्लॅस्टिकचा चमचा येतो.

मिरज_जंक्शन

आमचं केटरिंग आहे, मिरज-सांगली-तासगाव पट्ट्यात लग्नं करतो. हरिपूरकरांचा राग मान्य आहे. थोडं आतलं सांगतो.

प्लॅस्टिक सोडणं आम्हाला तितकं जड गेलं नाही. पत्रावळ आपल्याकडं होतीच, आणि आता उसाच्या चोयट्याच्या दाबून केलेल्या ताटल्याही मिळतात. ऊस आपल्याच जिल्ह्यांत पिकतो, तेव्हा या ताटल्या आपल्याकडं स्वस्त असायला हव्या होत्या. पण कारखान्यातला हा चोथा, म्हणजे बगॅस, बहुतेक बॉयलरला आणि वीजनिर्मितीला जातो, ताटल्या तयार होऊन बाहेरून येतात. घेताना एक बघावं : आतून चकाकणारा थर असला तर ते कंपोस्ट होत नाही. साध्या कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो. शक्य असेल तिथं मी स्टीलचीच ताटं वापरतो. धुवायला पाणी लागतं हे खरं. पण दोन हौद केले, पहिल्यात खळबळून दुसऱ्यात विसळलं, तर नळ सोडून धुण्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात काम होतं.

खरी अडचण तेलाची. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक साचतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, जुलै २०१८ पासून. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं, तेलात बुडवलं की आकडा दाखवतं. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्याला त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावं लागतं. त्यापासून बायोडिझेल होतं. नियम चांगला आहे. पण आमच्या भागातले बहुतेक ढाबे, भजी-वड्याचे गाडे दिवसाला दहा-पंधरा लिटरवाले. त्यांच्याकडं तेल न्यायला गाडी येत नाही, कारण एवढ्याशा तेलासाठी डिझेल जाळणं कुणालाच परवडत नाही. मग ते काळं तेल एक तर मोरीत जातं नाहीतर छोट्या गाड्यावाल्याला स्वस्तात विकलं जातं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा वाईट, कारण ते तेल परत माणसाच्या पोटात जातं.

आम्ही काही केटरर मंडळींनी एकाच्या गोडाऊनवर मोठे ड्रम ठेवले. सगळ्यांनी तिथं आणून टाकायचं, भरले की गोळा करणाऱ्याला फोन. पैसे फार येत नाहीत, पण तेल पावतीवर जातं.

पर्यटक_अनु

मी पुण्याची, दरवर्षी वाई-पाचगणीला येते. राहणाऱ्यांच्या बाजूनं एक विचारू का? टॉवेलच्या कार्डाला तुम्ही फारसं महत्त्व दिलं नाहीत. पण चादरी-टॉवेल धुण्यात पाणी, वीज, साबण सगळंच जातं ना? मग ते कार्ड निरुपयोगी कसं?

वेण्णाखोरे

अनुताई, निरुपयोगी नाहीच. कार्ड असतं, पण हाऊसकीपिंगच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं, तो हुकावर टांगलेला टॉवेलही उचलून नेतो. पाहुण्यानं पाळलं तरी हॉटेल पाळत नाही, अशा जागा मी पाहिल्या आहेत. आमच्याकडं नियम उलटा केला. चादर रोज बदलायची नाही, तिसऱ्या दिवशी बदलायची. हवी असेल तर मागा, लगेच मिळेल. आजवर कुणी भांडलं नाही.

कार्डावर काय लिहिलंय यानंही फरक पडतो. अमेरिकेत यावर अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' असं लिहिलेल्या कार्डापेक्षा 'याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला' असं लिहिलेलं कार्ड जास्त लोकांनी पाळलं. उपदेशापेक्षा शेजारच्याचं वागणं माणसाला पटतं.

पावसाळ्यात आमच्याकडं कपडे वाळवणं हाच मोठा प्रश्न असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडं त्याहून कमी पण हवा तेवढीच ओली. ड्रायर लावला की सोलरनं वाचवलेली वीज तो खाऊन टाकतो. आम्ही हीट पंपाची गार हवा बाहेर सोडण्याऐवजी वाळवणाच्या खोलीत सोडली. तिच्यातली बरीच वाफ आधीच गाळून निघालेली असते, त्यामुळं खोलीत ती जरा उबदार झाली की कोरडी पडते. पंखा लावला की चादरी एका रात्रीत वाळतात.

भिलारची_वहिनी

आमचं होमस्टे आहे, भिलारजवळ. पुस्तकांच्या गावामुळं २०१७ पासून पाहुणे वाढले. स्ट्रॉबेरीच्या हंगामात तर शनिवार-रविवार जागा नसते.

खरकट्याबद्दल माझं म्हणणं असं की आधी ते होऊच द्यायचं नाही. माझ्याकडं मेनूकार्ड नाही. आदल्या संध्याकाळी पाहुण्यांना विचारते, उद्या काय करू, किती जण जेवणार, लहान मुलं किती, भाकरी खाणार का चपाती. त्याप्रमाणं पीठ मळते. नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, इंद्रायणीचा भात. भाजी शेजारच्या वावरातली. मुलांना आधी अर्धीच भाकरी वाढते, संपली की दुसरी. पाहुण्यांना यात कमीपणा वाटत नाही, उलट कुणीतरी विचारून वाढतंय याचं बरं वाटतं. जे उरतं ते म्हशीला, सालं-देठं गांडूळखताला. ड्रम भरून टाकावं एवढं काही राहतच नाही.

मोठ्या हॉटेलात दोनशे पदार्थांचं कार्ड असतं. प्रत्येकाची तयारी फ्रीजमध्ये करून ठेवावी लागते आणि चौथ्या दिवशी टाकून द्यावी लागते. बुफेमध्ये तर शेवटच्या पाहुण्यापर्यंत सगळी भांडी भरलेली दिसायला हवीत. बुफे संपल्यावर काय होतं ते मी आधी जिथं नोकरी केली तिथं बघितलंय. पनीर, जिलबी, भात सगळं एकाच ड्रममध्ये.

आणि प्यायच्या पाण्याचंही लिहिते. आमच्याकडचं पाणी झऱ्याचं, जांभ्या दगडातून झिरपून आलेलं, क्षार अगदी कमी. तरी पाहुणे विचारतात म्हणून सगळीकडं आरओ बसवलेत. आरओ एक लिटर पाणी द्यायला दोन-तीन लिटर फेकतो. क्षार कमी असताना त्याची गरजच नसते, गाळणी आणि यूव्ही पुरतो. मी काचेच्या बाटल्यांत उकळून गार केलेलं पाणी ठेवते. खोलीत प्लॅस्टिकची बाटली ठेवतच नाही.

मिरज_जंक्शन

वहिनी, आरओचं पटलं. पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये म्हटलं होतं. पण आमच्या पूर्व भागात, जत-कवठेमहांकाळकडं बोअरचं पाणी इतकं जड असतं की आरओशिवाय गत्यंतर नाही. तिथं फेकलं जाणारं पाणी टाकीत धरून फरशी पुसायला, संडासाला वापरायचं. सोलरच्या तांब्याच्या नळ्यांतही त्या पाण्यानं क्षार बसतात, म्हणून आमच्या भागात काचेच्या नळ्यांचा सोलर जास्त चालतो. दोन्ही जिल्ह्यांना एकच औषध लागू पडणार नाही.

मात्र विचारून वाढायचं म्हणता ते बाराशे पानांच्या लग्नात कसं करायचं? तिथं यजमान आम्हाला सांगतो, 'कमी पडलं तर माझी इज्जत जाईल.' आम्ही शंभर पानं जादाच धरतो.

फलटणकर

खरकट्याचा विषय निघाला आणि फलटणचं नाव आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

शेणाचा गोबरगॅस सगळ्यांना माहीत आहे. पण शेण म्हणजे जनावरानं आधीच पचवून रस काढून घेतलेला चोथा. भात, पोळी, बटाटा, कुजकी फळं यांत पिष्ट आणि साखर शाबूत असते, म्हणून तेवढ्याच वजनात गॅस कितीतरी जास्त आणि लवकर तयार होतो. हा विचार घेऊन डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं घरच्या पाण्याच्या प्लॅस्टिक टाक्यांपासून छोटा बायोगॅस तयार केला. त्याला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. संस्थेचं बरंचसं काम फलटणमध्ये झालं आहे. मोठ्या प्रमाणावर करायचं तर भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र आहे. माथेरानला तसा प्रकल्प उभा राहिला, तिथला ओला कचरा मुख्यतः हॉटेलांचाच.

हॉटेलसाठी गणित असं. एक किलो ओल्या खरकट्यातून ढोबळमानानं शंभर लिटर गॅस. एक हजार लिटर बायोगॅसची उष्णता साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजीइतकी. म्हणजे रोज ३० किलो खरकटं निघणाऱ्या हॉटेलला सव्वा ते दीड किलो एलपीजी वाचेल, आणि १९ किलोची निळी टाकी दोन आठवड्यांत एक कमी लागेल. हा आकडा लहान वाटेल. पण त्याच वेळी ३० किलो घाण गटारात किंवा कचऱ्याच्या डेपोवर गेली नाही, तिथं कुजून मिथेन हवेत सुटला नाही, आणि वर शेतीला स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला पातळ लगदा, मिळाली. हा सगळा फायदा नुसत्या सिलिंडरच्या हिशेबात दिसत नाही.

पथ्यं मात्र पाळावी लागतात. हाडं, अंड्याची टरफलं, लिंबाच्या साली, कांद्याच्या साली टाकायच्या नाहीत. खरकटं मिक्सरला किंवा क्रशरला लावून लगदा करूनच टाकायचा. एकदम जास्त टाकलं की टाकी आंबट होते आणि गॅस बंद पडतो. लग्नाचं उरलेलं जेवण एका दिवसात ओतणं हा टाकी बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आणि महाबळेश्वरच्या थंडीत जिवाणू मंदावतात. टाकी जमिनीत पुरून, वरून काळा कागद घालून त्यावर शेडनेटऐवजी पारदर्शक आच्छादन केलं, लगदा कोमट पाण्यात कालवला तर चालतं. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तिथं उन्हाळ्याइतका गॅस मिळायचा नाही, हे आधीच धरून चालावं.

आणि हे काही ऐच्छिक सत्कार्य नाही. २०१६ पासून घनकचऱ्याच्या नियमांतच आहे : हॉटेल-उपाहारगृहांनी कचरा वेगळा करायचा, आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात खत करून किंवा गॅस करून जिरवायचा.

लेखापाल_कराड

मी हॉटेलवाल्यांची खाती बघतो, म्हणून पैशाचं लिहितो. वर आलेल्या गोष्टींत पैसा वाचवणाऱ्या आणि पैसा खाणाऱ्या अशा दोन जाती आहेत. नळाला पाणी फेसाळून सोडणारी जाळी बसवली की मिनिटाला दहा-बारा लिटर सांडणारा नळ चार-सहा लिटरवर येतो, आणि हात तितकेच स्वच्छ होतात. खर्च किरकोळ. फ्लशचं जुनं टाकं एका वेळी दहा लिटर ओततं, नवं दोन बटणांचं तीन किंवा सहा. एसी २४ पर्यंत चढवला तर वाढवलेल्या प्रत्येक अंशामागं सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. हे सगळं मालक आनंदानं करतो, कारण बिल कमी येतं.

तेलाची टाकी, कर्दळीचा वाफा, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र) यांतून मालकाला परत काही मिळत नाही. फायदा होतो तो हरिपूरकरांना. मग मालक पहिल्या जातीची कामं करतो, फलक लावतो आणि दुसऱ्या जातीला हात लावत नाही. हे मी अनेक ताळेबंदांत पाहिलं आहे : एसटीपीचा खर्च बांधकामात दिसतो, पण त्यानंतर ब्लोअरच्या (त्यात हवा फुंकणाऱ्या पंख्याच्या) विजेचा, देखभालीचा खर्च कुठंच दिसत नाही. म्हणजे यंत्र उभं आहे आणि बंद आहे.

हरिपूरकर

लेखापाल, मुद्दा नेमका मांडलात. मग माझं म्हणणं, तपासणाऱ्यानं यंत्र आहे का हे न विचारता ब्लोअरचं वीजमीटर वेगळं आहे का आणि त्याचं गेल्या महिन्याचं वाचन किती, हे विचारावं.

सह्याद्री_वारकरी

तुमचं सगळं वाचलं. चांगलं आहे. पण मला वाटतं आपण जाळी आणि कर्दळ यांत अडकलो तर मोठा प्रश्न निसटेल. तो प्रश्न म्हणजे हॉटेल कुठं बांधलं.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ ला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. कासचं फुलांचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. त्यानंतर काय झालं? कासच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नव्हे, पण कासच्या रस्त्याला बांधकामं वाढली. डोंगराची कड जेसीबीनं कापून सपाट केली, 'व्हॅली व्ह्यू'साठी. सड्यावर मातीचा थर वीतभरही नाही, त्याच्यावर फुलणारी झाडं एकदा उखडली की परत लावता येत नाहीत. जांभा पाणी मुरवतो आणि खाली झऱ्यांना देतो. त्याच्यावर काँक्रीट ओतलं आणि शेजारी शोषखड्डा खणला तर झऱ्याला पाणी कमी आणि मैला जास्त मिळणार. अशा जागी उभं राहिलेलं हॉटेल सोलर लावो नाहीतर बायोगॅस करो, त्याला पर्यावरणपूरक म्हणायला माझं मन धजत नाही.

आता नवीन महाबळेश्वरची, म्हणजे सरकारच्या नव्या गिरिस्थानाची, आखणी चालू आहे. सुरुवातीच्या आराखड्यातच २३५ गावं. रोजगार येईल हे मला कळतं, जावळी-पाटणची पोरं मुंबईला माथाडीत गेली ती हौसेनं नाही. पण वहिनींसारखी गावातल्या घरातली दोन-तीन खोल्यांची सोय वाढवायची, की कडेवर शंभर खोल्यांची रिसॉर्ट? गावठाणात आधीच घर आहे, रस्ता आहे, विहीर आहे. नवा डोंगर कापावा लागत नाही.

वेण्णाखोरे

सह्याद्री_वारकरी, तुमचा मुद्दा वरचा आहे हे मान्य. आमची जागा रस्त्याकडेची, जुन्या भातगिरणीची. नवीन काही कापलं नाही, उलट गिरणीचे सागवानी वासे तसेच वापरले. पण ज्यांची हॉटेलं कड कापून उभी झालीच आहेत, ती उद्या पाडली जाणार नाहीत. त्यांच्या मोरीचं पाणी आज संध्याकाळीही ओढ्यात जाणार आहे. त्यांना तुम्ही पर्यावरणपूरक म्हणू नका, पण तेलाची टाकी बांधायला लावा. दोन्ही भांडणं एकाच वेळी करावी लागतील.

सह्याद्री_वारकरी

याला माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्या भांडणानं पहिलं झाकलं जाऊ नये.

पर्यटक_अनु

बुकिंग करताना आम्ही नेमकं काय विचारावं? ॲपवर 'इको' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

भिलारची_वहिनी

अनुताई, फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : खरकटं कुठं जातं, आणि सांडपाणी कुठं जातं. ज्यानं काही केलंय तो दहा मिनिटं सांगत बसेल. ज्यानं नाही केलं तो 'मॅडम, सगळं व्यवस्थित आहे' म्हणेल. आणि राहायला आल्यावर स्वयंपाकघराच्या मागं चक्कर मारा, आम्हाला राग येत नाही.

लेखापाल_कराड

एक जोड देतो. मैला टाकी उपसायला टँकर कोण आणतं आणि तो कुठं रिकामा करतो, हेही विचारा. वाईट टँकरवाला रात्री पहिल्या ओढ्यात सोडून देतो. नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्राची पावती हॉटेलच्या फायलीत असायला हवी.

मिरज_जंक्शन

फलटणकर, लग्नाचं उरलेलं जेवण टाकीत ओतायचं नाही म्हणालात, मग त्याचं करायचं काय? आम्ही भांड्यातलं न वाढलेलं अन्न, चांगलं असेल तर, रात्रीच वसतिगृहांत नि रस्त्यावरच्या लोकांपर्यंत पोचवतो. उन्हाळ्यात पनीर, दही, बासुंदी देत नाही, ती जोखीम नको. प्रश्न पानात टाकलेल्याचा आहे. बाराशे पानांमागं तीन-चार ड्रम भरतात.

फलटणकर

ते लगदा करून ड्रमात झाकून ठेवा आणि टाकीला रोज ठरलेल्या मापानं चारा. चार-पाच दिवस आंबलं तरी गॅसला चालतं, फक्त माप ओलांडायचं नाही. कार्यालयांचा हंगाम सोडून टाकी उपाशी राहते, म्हणून एकट्या कार्यालयानं करण्यापेक्षा शेजारच्या दोन-तीन खाणावळींना बरोबर घ्या. त्यांचं रोजचं खरकटं टाकीला जिवंत ठेवेल, तुमचं लग्नाचं वरून जोडलं जाईल. आणि पानात पडणं कमी करायचं असेल तर बुफेची ताटली लहान ठेवा. मोठ्या ताटात माणूस जास्त वाढून घेतो.

मिरज_जंक्शन

लहान ताटली पुढच्या लग्नात करून बघतो. यजमानाला आधी सांगावं लागेल, नाहीतर तो म्हणेल ताटं कमी पैशांची आणली. खाणावळींशी बोलतो, एक जण तरी तयार होईल असं वाटतंय.

हरिपूरकर

वेण्णाखोरे, सांगलीत आमच्या गल्लीत तीन खाणावळी आहेत, मालक ओळखीचे. त्यांना तेलाची टाकी बांधायला सांगतो. मोठी जागा नाही, मागं जेमतेम दीड मीटरची बोळ आहे. किती मोठी लागेल आणि डास होणार नाहीत ना?

वेण्णाखोरे

पाणी टाकीत किमान अर्धा तास थांबायला हवं, तरच तेल वर येतं. खाणावळीच्या सगळ्यात गर्दीच्या तासाला किती पाणी वापरलं जातं ते मीटरवर बघा. तासाला हजार लिटर असेल तर पाचशे लिटरची टाकी हवी. बोळीत लांबट बांधता येईल. भिंती आतून गुळगुळीत प्लॅस्टर करा आणि भांड्यांचं उकळतं पाणी थेट सोडू नका, गरम पाण्यात चरबी वितळून पुढं निघून जाते. मोरीच्या तोंडाशी शितं अडवायला बारीक जाळी लावा, ती रोज झटकायची. झाकण घट्ट बसणारं घ्या, वायू जायला पाइप काढा आणि त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा. डास होत नाहीत. काढलेला तवंग गटारात न टाकता भुशात कालवून खताच्या खड्ड्यात थोडा थोडा घालायचा. मोजमाप पाठवलंत तर कागदावर आखणी काढून इथंच टाकतो, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.

हरिपूरकर

रविवारी टेप घेऊन जातो. तिघांच्या मोऱ्या वेगवेगळ्या दिशांना आहेत, पण शेवटी एकाच चेंबरला मिळतात. तिघांची मिळून एकच टाकी करता येईल का तेही बघून लिहितो.